जाहीर आवाहन : बंदूक एकाची, नजर गावाची

वर्धा जिल्ह्यातील शस्त्रपरवानाधारकांना, परवान्यासाठी अर्ज करून बसलेल्यांना आणि या दोघांच्याही घरच्यांना,

दसरा तोंडावर आला आहे. त्या दिवशी नांगर, वखर, विळ्याच्या शेजारी काही घरांत बंदूकही पाटावर येईल. तिला हळदकुंकू लागेल, झेंडूचं फूल वाहिलं जाईल. इथवर कुणाचीच हरकत नाही. मग अंगणातून कुणीतरी म्हणेल, "काका, एक बार होऊन जाऊ द्या." हे पत्रक त्या एका वाक्यामुळे लिहावं लागतं आहे.

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे गैरसमज नको. मी बंदुकीच्या विरोधातला माणूस नाही. कारंजा (घाडगे) तालुक्यात माझं वावर आहे, थोडा संत्र्याचा बगीचा आहे आणि घरात बारा बोअरची एकनळी आहे. ती वडिलांची, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. रात्री धुऱ्यावर बसून जागल करणं काय असतं, हे मला कुणी शिकवायला नको. तूर फुलावर आली की रोह्यांचा कळप येतो, आणि रानडुकरं तर चन्याचं वावर एका रात्रीत असं उकरतात की सकाळी रोटाव्हेटर फिरवल्यासारखं दिसतं. आर्वी, आष्टी, सेलू, समुद्रपूर, कुठेही विचारा, हीच रड आहे. बोर अभयारण्य २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं, त्याचा आम्हांला अभिमानच आहे, पण जंगलाच्या कडेला ज्याचं वावर आहे त्याला तो अभिमान जागून काढावा लागतो.

कायदाही या शेतकऱ्याला ओळखतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं तेरावं कलम वाचा. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा, तिने भागत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीचीही देता येईल, असं त्यात सरळ म्हटलेलं आहे. कमरेला पिस्तूल लावून लग्नात मिरवणाऱ्यासाठी ते कलम नाही. माझ्या मते या दोन माणसांना एका रांगेत उभं करणं हीच आपली पहिली चूक आहे. एकाला बंदूक हवी असते ती पिकासाठी, दुसऱ्याला हवी असते ती फोटोसाठी. आणि फोटोवाल्याच्या प्रतापामुळे तपासणी कडक झाली की खेटे मारावे लागतात पीकवाल्याला.

यावर काही लोक म्हणतात, सेवाग्राम आणि पवनार ज्या जिल्ह्यात आहे तिथे बंदुकीच्या परवान्याची भाषा शोभते का? त्यांना एक जुनी गोष्ट सांगतो. मिठाच्या सत्याग्रहाआधी गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे अकरा मागण्या ठेवल्या होत्या. 'यंग इंडिया'च्या ३० जानेवारी १९३० च्या अंकात त्या छापून आल्या. पहिली मागणी संपूर्ण दारूबंदीची. (तिचं आपल्या जिल्ह्यात पुढे काय झालं, ते रोज संध्याकाळी दिसतं.) मधल्या मागण्यांत शेतसारा निम्मा करा, मिठावरचा कर उठवा वगैरे. आणि अकरावी, शेवटची : स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या, पण लोकांच्या नियंत्रणाखाली.

अहिंसेच्या माणसाने ही मागणी का करावी? कारण लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार धरायला मनाई केली आणि गोऱ्याला मात्र त्यातून मोकळं ठेवलं. खटकत होता तो हा भेद. पण मागणीचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. परवाना द्या म्हणताना त्यांनी नियंत्रण सरकारच्या मर्जीवर सोडलं नाही आणि बंदूकवाल्याच्या मर्जीवरही सोडलं नाही. ते लोकांकडे दिलं. बरोबर अठरा वर्षांनी, त्याच तारखेला, दिल्लीत ज्या बेरेटा पिस्तुलाने त्यांचा जीव घेतला, ते ग्वाल्हेरहून आणलेलं होतं आणि त्याला परवाना नव्हता.

पुढे १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या यादीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला, तोही नियमांच्या चौकटीतच. घटना समितीत १९४८ च्या डिसेंबरमध्ये ह. वि. कामत यांनी, म्हणजे आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सभासदाने, तो हक्क राज्यघटनेत यावा म्हणून दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. असा हक्क सरसकट दिला तर सराईत गुन्हेगारही तो मागेल, हा त्यांचा मुद्दा होता. आणि व्यक्तीच्या हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर त्यांचा भर होता. त्यामुळे अमेरिकेत बंदूक हा घटनेने दिलेला हक्क आहे, आपल्याकडे नाही. आपल्याकडे एकोणिसाव्या कलमाने सभा भरवण्याचं स्वातंत्र्य दिलं तेसुद्धा शांततेने आणि विनाशस्त्र. तेव्हा "माझी बंदूक, माझा हक्क" हे वाक्य जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्यांवर ऐकू आलं की मला हसू येतं. बाबा रे, ती तुझ्या हवाली केलेली वस्तू आहे.

आता कामाचं बोलू.

बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. हे दोन वेगळे कागद आहेत आणि दोन वेगळ्या खात्यांचे आहेत. बंदुकीचा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. रोही किंवा डुक्कर पिकात असलं तरी ते वन्यजीव आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनखात्याची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय त्याच्यावर गोळी झाडता येत नाही. आपल्यातले निम्मे लोक हा दुसरा कागद मागतच नाहीत आणि मग गुन्हा दाखल झाला की "परवाना होता ना साहेब" म्हणतात. नुकसानभरपाईचा अर्जही असाच राहून जातो. पीक उकरलेलं दिसलं की त्याच दिवशी फोटो काढा, वनरक्षकाला कळवा. भरपाई थोडी असते, उशिरा येते, मान्य. पण नोंद होते, आणि उद्या परवानगी मागताना तीच नोंद तुमचा पुरावा असते.

बंदूक मिळत नाही म्हणून जे दुसरे उद्योग चालतात, त्यांच्याबद्दल मला जास्त भीती वाटते. कुंपणाच्या तारेत सोडलेला करंट डुक्कर ओळखत नाही. पहाटे ओलिताला निघालेला शेजारी, त्याचा बैल, जंगलातून वाट चुकलेला वाघ, जो लागेल तो मरतो. पिठाच्या गोळ्यात दडवलेला गावठी बॉम्ब गाय चावते आणि तिचा जबडा फुटतो. स्फोटक काय करतं, हे वर्धेकरांना निराळं सांगायला हवं का? पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या पहाटेआधी आग लागली, आगरगावसारख्या गावांतली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडली, आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवान परत आले नाहीत. २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगावजवळ जुना दारूगोळा निकामी करताना सहा जण गेले. तिथे शिस्त होती, तरी हे झालं. आपण ठासणीच्या बंदुकीची दारू चुलीमागच्या कोनाड्यात डब्यात ठेवतो.

ज्या शेतकऱ्याकडे परवाना आहे, त्याला माझी कळकळीची विनंती कुलपाची आहे. खुंटीवर बंदूक टांगायचे दिवस गेले. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सुरक्षित वापराची आणि साठवणुकीची हमी आपण लिहून दिलेली असते. किती जणांना ती आठवते? बंदूक रिकामी करून लोखंडी कपाटात, काडतुसं दुसरीकडे, आणि किल्ली अशा ठिकाणी की नातवाला सापडणार नाही. लहान पोराला आजोबाच्या कपाटातलं सगळं माहीत असतं, हे आजोबाला माहीत नसतं.

किल्लीबद्दल आणखी एक गोष्ट, जी बोलायला जड जाते. २००६ साली केंद्राचं शेतकरी पॅकेज विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांना मिळालं, त्यात आपला वर्धा होता. ते का मिळालं, ते आपण विसरलेलो नाही. पीक बुडालेलं, सावकार दारात, आणि घरातला माणूस गप्प गप्प झालेला असेल, जेवत नसेल, झोपत नसेल, तर त्या घरात बंदूक नको. बहिणींनो, वहिनींनो, हे तुमच्या आधी कुणाच्या लक्षात येणार नाही. धाकट्या दिराला, भावाला, पोलीस पाटलाला सांगा. बंदूक काही दिवसांसाठी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते, त्याची पावती मिळते, माणूस सावरल्यावर ती परत मिळते. यात घराण्याची अब्रू जात नाही. त्या माणसापाशी बसा, त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या.

मी स्वतः चुकलो आहे, तेही सांगायला हवं. वडील गेल्यानंतर त्यांची बंदूक चौदा महिने आमच्या कपाटात तशीच होती. तेरवी, फेरफार, बँक, सगळीकडे धावलो, पण बंदुकीचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. परवाना वडिलांच्या नावाचा आणि वडील तर नाहीत, म्हणजे ते चौदा महिने आमच्या घरात बेकायदा हत्यार होतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याला किमान दोन वर्षांची शिक्षा आहे, हे मला नंतर एका वकिलाने सांगितलं तेव्हा पाणी प्यावं लागलं. तेव्हा ज्यांच्या घरी वारलेल्या माणसाच्या नावाची बंदूक आहे, त्यांनी ती या आठवड्यात ठाण्यात जमा करून पावती घ्यावी आणि मग वारसाचा अर्ज करावा. ज्यांचे वडील हयात आहेत त्यांना सोपा रस्ता आहे : वयाची सत्तरी झाली किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगून झाली की ते हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी संमती देऊ शकतात. २०१९ च्या त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. आजोबाची, बापाची आणि स्वतःची अशी तिसरी कुणाकडे पडून असेल तर तिचाही निकाल लावा.

आणि तो बार. हर्षाने हवेत गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात आणणं हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे : दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेलं शिसं खाली येतंच, मांडवात कुणाच्या डोक्यावर ते विचारून येत नाही. दारूबंदीच्या जिल्ह्यात वरातीत दारू असते हेही सगळे जाणतात. ज्याने घेतली आहे त्याच्या हातात त्या दिवशी बंदूक देऊ नका, मग तो परवानाधारक असो, नवरदेवाचा मामा असो की गावचा पुढारी. मोबाईलच्या स्टेटसला बंदूक लावणाऱ्या पोरांनाही सांगा. ज्याला खरोखर हौस आहे त्याने रायफल क्लबात जावं, नेमबाजी शिकावी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं, तेही एक शेतकी गावच आहे.

पीकवाला आणि फोटोवाला वेगळे काढता येत नाहीत, असं कुणी म्हणेल. ऑस्ट्रेलियात १९९६ साली पोर्ट आर्थरला एका माणसाने पस्तीस जणांना मारलं, तेव्हा तिथल्या सरकारने सहा लाखांहून जास्त बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. पण उपद्रवी जनावरांसाठी शेतकऱ्याला लागणारी बंदूक त्यांनी ठेवू दिली, तीही कारण तपासून आणि कुलपाची खात्री करून. असं करता येतं.

प्रशासनालाही दोन शब्द. आम्ही नियम पाळायचे तर अर्जांची उत्तरंही वेळेत यावीत. पीक ऑक्टोबरात खाल्लं जातं आणि परवानगी उन्हाळ्यात येते, तेव्हा ती परवानगी कशाची? नाही म्हणायचं तर कारण लिहून नाही म्हणा, म्हणजे आम्हांला विभागीय आयुक्तांकडे अपील करता येईल. उत्तरच न देण्याने तारेत करंट सोडणारे वाढतात.

मागणी माझी एवढीच आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. गावात कुणाकडे परवाना आहे, त्याने आपणहून उठून सांगावं की मुदत कधी संपते आणि कपाटाला कुलूप आहे. बंदूक कुठे ठेवली ते सांगू नका, चोरालाही कान असतात. कुणाच्या वावरात करंटची तार आहे, ते शेजाऱ्याने सांगावं. पीकसंरक्षणाचे किती अर्ज कधीपासून पडून आहेत, याचा ठराव करून तहसीलला आणि वनपरिक्षेत्र कार्यालयाला पाठवा. अकराव्या मागणीतलं लोकांचं नियंत्रण मला तरी एवढंच कळतं.

माझ्याकडे दसऱ्याला पूजा होईल, बार होणार नाही. सोनं द्यायला याल तेव्हा एकनळी पाटावर दुमडलेली असेल. उचलून नळीतून पलीकडे बघा, अंगणातला उजेड दिसेल. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.

आपला,
कारंजा (घाडगे) तालुक्यातला एक परवानाधारक शेतकरी