एशियाडचे विस्मृत संचित

दिल्लीत १९ नोव्हेंबर १९८२ रोजी सुरू झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांचा विषय निघाला, की जवाहरलाल नेहरू स्टेडियम, राजधानीतील उड्डाणपूल, रंगीत दूरचित्रवाणीचा प्रारंभ आणि हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून ७-१ असा झालेला जिव्हारी लागणारा पराभव यांचेच स्मरण केले जाते. आपल्याकडे तर एसटीच्या निमआराम गाड्यांनी एशियाड हे नाव खेड्यापाड्यांत नेले. परंतु त्या स्पर्धांचे सर्वांत मौल्यवान संचित सर्वोच्च न्यायालयाच्या दफ्तरात आहे, आणि ते विस्मृतीत जावे, ही मला अत्यंत खेदाची गोष्ट वाटते.

ती क्रीडांगणे बांधण्यासाठी राजस्थान, उत्तर प्रदेश, ओडिशा अशा प्रांतांतून आणलेल्या मजुरांना दररोज सव्वानऊ रुपये किमान वेतन देय असता, जमादार त्यातील एक रुपया दस्तुरी म्हणून कापून घेत. स्त्रियांच्या हाती तर सातच रुपये पडतात, अशी तक्रार होती. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेच्या पत्रालाच फिर्याद मानून न्यायमूर्ती भगवती आणि न्यायमूर्ती बहरुल इस्लाम यांनी, स्पर्धा दोन महिन्यांवर आल्या असता, निर्णय दिला, की दारिद्र्याने निरुपाय होऊन किमान वेतनाहून कमी मोबदल्यात केलेले काम ही संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविलेली वेठबिगारच होय, आणि कंत्राटदार मध्ये आहे म्हणून सरकार या जबाबदारीतून मुक्त होत नाही. बेगार म्हणजे केवळ शस्त्राच्या धाकाने करवून घेतलेले काम, ही समजूत त्या निकालाने मोडीत काढली. भूक हीही सक्तीच, हे न्यायासनाने मान्य केले.

पुढे २०१० साली त्याच नगरीत राष्ट्रकुल स्पर्धा भरल्या. भारताने १०१ पदके मिळविली, नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक पटकावले, आणि हिशेबातील अफरातफरीच्या आरोपांनी देश ढवळून निघाला. ती चौकशी आवश्यकच होती. तथापि मजुरांना किमान वेतनही मिळत नसल्याचे उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने स्पर्धेपूर्वीच नमूद केले होते, त्याची दखल त्या गदारोळात कितीशा लोकांनी घेतली?

आता २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादेत होणार आहेत. पहिली वीट बसण्याआधी १९८२ चा तो निकाल प्रत्येक कंत्राटात अट म्हणून लिहावा, आणि प्रत्येक बांधकामाचा हजेरीपट व मजुरीचा तपशील जनतेस पाहण्यास खुला ठेवावा, अशी मागणी आपण सर्वांनी आजपासूनच केली पाहिजे.