पिवळा दिवा पुन्हा पुन्हा का लागतो?



आपल्या वस्त्यांतून आता चारचाकी गाड्या दिसू लागल्या आहेत. कुणी बँकेचे कर्ज काढून नवी घेतली, कुणी सेकंडहँड. कुणाची ती हौस आहे, तर कुणाच्या घरची चूल त्या टुरिस्ट गाडीवर पेटते. गाडीबरोबर एक नवी काळजीही घरात येते. मीटरच्या काचेमागे इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजवाला यंत्र जोडतो, 'पी ०४२०' असा क्रमांक वाचतो आणि म्हणतो, ''कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला. चाळीस-पन्नास हजार धरून चला.'' दुसरा म्हणतो, ''आधी ऑक्सिजन सेन्सर बदलून बघू.'' सेन्सर बदलतात, दिवा विझतो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा हजर होतो! या एका दिव्यापायी कर्जाचे हप्ते थकलेली घरे आम्ही पाहिली आहेत, म्हणून आजचा मजकूर त्यालाच दिला आहे.

कन्व्हर्टर म्हणजे काय ते आधी पाहू. सायलेन्सरच्या नळीत इंजिनाजवळ एक डबा असतो. त्यात मधमाशीच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळालेले पेट्रोल आणि नायट्रोजनची घातक ऑक्साइडे या जाळीतून जाताना बदलतात आणि मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ व साधा नायट्रोजन होऊन बाहेर पडतात. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई येथे नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा सक्तीचा झाला. शिसे त्या लेपावर बसून त्याला निकामी करते, म्हणून शिसेविरहित पेट्रोलही त्याच्या बरोबरीने आणावे लागले. १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर झाले. डबा गाडीला आहे, पण त्याचा फायदा रस्त्याकडेच्या खोलीत झोपणाऱ्या लेकरालाही आहे, हे विसरू नये.

आम्ही पडलो कारकून. आम्हाला हा प्रकार आवक-जावक रजिस्टरासारखा वाटतो. डब्याच्या अलीकडचा सेन्सर ही आवक, पलीकडचा सेन्सर ही जावक. जुन्या पद्धतीचा पुढचा सेन्सर इंजिन गरम झाल्यावर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वर-खाली होत राहतो, कारण गाडीचा संगणक पेट्रोल जरा कमी, जरा जास्त असे करत मिश्रण सांभाळत असतो. (बऱ्याच नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वेगळ्या जातीचा असतो. त्याचे आकडे असे दिसत नाहीत, तेव्हा ते पाहून घाबरू नये.) डबा चांगला असेल तर तो मधला ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो. त्यामुळे मागचा सेन्सर बराचसा स्थिर राहतो, बहुधा ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास. मागचाही पुढच्यासारखा नाचू लागला की संगणक नोंद करतो : डब्याची कार्यक्षमता मर्यादेखाली. हीच ती 'पी ०४२०'.

आता मुद्दा असा की ही नोंद म्हणजे तक्रार अर्ज आहे, निकाल नव्हे. कचेरीत अर्ज आला की आपण आधी चौकशी करतो. मोटारीच्या बाबतीत मात्र अर्ज वाचताच शिक्षा ठोठावली जाते आणि दंड मालक भरतो.

चौकशीची पहिली पायरी म्हणजे यंत्रातले सगळे क्रमांक कागदावर उतरवून घेणे, पुसण्याच्या आधी! 'पी ०४२०' एकटाच आहे की सोबत 'पी ०३००' किंवा त्याच्या पुढचे मिसफायरचे क्रमांक आहेत? 'पी ०१७१' म्हणजे मिश्रणात हवा जास्त, 'पी ०१७२' म्हणजे पेट्रोल जास्त. असे सोबती असतील तर आधी त्यांचा निकाल लावावा, डब्याकडे नंतर पाहावे. 'पी ०१३५' हा पुढच्या आणि 'पी ०१४१' हा मागच्या सेन्सरच्या हीटरचा क्रमांक. तेथे सेन्सर घेण्यापूर्वी फ्यूज, वायर आणि सॉकेट तपासावे. सायलेन्सरला टेकून वितळलेली वायर किंवा उंदराने कुरतडलेली वायर नव्या सेन्सरने दुरुस्त होत नाही. शिवाय संगणक बिघाडाच्या क्षणाचा पंचनामाही जपून ठेवतो, म्हणजे वेग किती, इंजिन किती गरम, भार किती. तो वाचायला पाच मिनिटेही लागत नाहीत, तरी फार थोडे लोक वाचतात.

दुसरी पायरी गळती. डब्याच्या जवळपास सायलेन्सरच्या जोडाचे पॅकिंग फाटले असेल तर प्रत्येक ठोक्याला बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो आणि तो खोटी साक्ष देतो. आमच्या परिचयातील एका टॅक्सीचालक बंधूंच्या बाबतीत नेमके हेच घडले. गाडी सीएनजीवर चालणारी. दोन सेन्सर बदलून झाले होते आणि कन्व्हर्टरसाठी सोसायटीतून उचल काढण्याची तयारी चालली होती. वस्तीतल्या आयटीआय झालेल्या एका मुलाने सकाळी इंजिन थंड असताना गाडी सुरू करून जोडाजवळ कान दिला. बारीक 'टक्-टक्' येत होते आणि जोडावर काजळीची काळी रेघ उमटली होती. पॅकिंग बदलले, सीएनजीवर झिजून फट वाढलेले प्लग बदलले. सगळे मिळून खर्च दोन हजारांच्या आत आला. सेन्सरांचे गेलेले पैसे गेले ते गेलेच, पण उचल वाचली.

दिवा नुसता लागला असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तो उघडझाप करू लागला तर गोष्ट वेगळी. एखादा सिलिंडर चुकतो आहे आणि न जळालेले पेट्रोल थेट डब्यात जाऊन तेथे पेटते आहे, असा त्याचा अर्थ. जाळी वितळायला फार वेळ लागत नाही. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, गाडी बाजूला घ्यावी. भाडे सोडावे लागले तरी सोडावे. सहाशे रुपयांच्या भाड्यासाठी डबा जाळणे परवडणारे नाही.

डबा खरोखरच जातो, हेही खरे. पण तो सहसा आपणहून मरत नाही. त्याला कुणीतरी मारलेले असते. इंजिन ऑइल जाळत असेल तर ऑइलमधला फॉस्फरस लेपावर बसतो. हेडचे पॅकिंग जाऊन कूलंट धुरात येत असेल तर तेही घातक. इंजेक्टर गळत असेल, कॉइल कमजोर असेल तर वर सांगितलेला प्रकार होतो. म्हणून मेकॅनिकला एकच प्रश्न विचारावा : जुना का गेला? उत्तर मिळाले नाही तर नवा घेऊ नये, कारण तोही त्याच वाटेने जाईल. गाडीचा पिकअप मेला असेल, चढावर ती दमत असेल, तर जाळी तुंबल्याची शंका घ्यावी. पुढचा सेन्सर काढून त्या भोकाला दाबमापक लावला की खात्री होते. इंजिन २५०० फेऱ्यांवर असताना दाब तीन पीएसआयच्या बराच वर गेला तर जाळी तुंबलेली आहे असे समजावे. बाटलीतले औषध पेट्रोलमध्ये ओतून वितळलेली जाळी पुन्हा उभी राहत नाही. ती विकणाऱ्यांचा धंदा मात्र उभा राहतो.

काही जण सोपा मार्ग सुचवतात. जाळी फोडून डबा रिकामा करायचा, नाहीतर मागच्या सेन्सरखाली नळीचा तुकडा घालून संगणकाला फसवायचे. दोन्ही बेकायदेशीर आहेत. बीएस-४ व त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांच्या पीयूसीत २५०० फेऱ्यांच्या आसपासही धूर तपासायचा असतो, तेथे रिकामा डबा उघडा पडू शकतो. आणि तो धूर कुणाच्या नाकात जातो, हे वर आलेच आहे.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर पाहावी. विकणारा व्यवहाराच्या आदल्या दिवशी क्रमांक पुसून टाकतो. दिवा बंद, गाडी चकाचक! पण पुसल्याबरोबर संगणकाच्या स्वतःच्या तपासण्याही कोऱ्या होतात. स्कॅनरवर कन्व्हर्टरसमोर 'तपासणी अपूर्ण' असे दिसले तर क्रमांक नुकतेच पुसले असावेत किंवा बॅटरी काढली असावी असे समजावे. ती तपासणी गरम-थंड, शहर-हमरस्ता अशी काही दिवस गाडी चालवल्यावरच पूर्ण होते. तोवर पूर्ण रक्कम हातात देऊ नये. असा छोटा स्कॅनर हजार-दीड हजार रुपयांच्या आत मिळतो आणि मोबाईलवर चालतो. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात तो बसतो. वस्तीतल्या चार-पाच गाडीवाल्यांनी मिळून एक घेतला तरी पुरे.

राहिला बिलाचा विषय. डबा बदललाच तर बिलावर पार्ट नंबर लिहून घ्यावा, कारण स्वस्त डब्यात धातूचा लेप कमी असू शकतो आणि काही महिन्यांत तोच क्रमांक परत येतो. जुना डबा मात्र गॅरेजात सोडून येऊ नये. त्यातल्या धातूंना भंगारातही किंमत आहे आणि तो तुमच्या मालकीचा आहे. काम सुरू होण्यापूर्वीच तसे सांगून ठेवावे. गॅरेजवाला तो ठेवून घेणार असेल तर त्याची रक्कम बिलातून वजा करून मागावी.