रक्ताचा रिपोर्ट मागून घ्या

मागच्या पालकसभेला सहावीतल्या एका मुलाच्या अम्मी आल्या होत्या. मुलाचे वर्गात लक्ष नसते, पोट दुखते म्हणून सारखी रजा. बोलता बोलता कळले की, अब्बा जुन्या बॅटऱ्यांचे शिसे वितळवण्याच्या कारखान्यात आहेत. "तिथं त्यांचं रक्त तपासतात, पण रिपोर्ट कधी हातात देत नाहीत," त्या म्हणाल्या. "मागितला तर काम जाईल, अशी यांना भीती."

हवेत किती शिसे आहे ते यंत्र सांगते. अंगात किती गेले ते रक्तच सांगते. यालाच जैविक निरीक्षण म्हणतात. शिशासाठी रक्त, पाऱ्यासाठी बहुधा लघवी तपासतात. नेहमीच्या सीबीसीत शिसे मोजले जात नाही. त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते. 100 मिलिलिटर रक्तात 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे आढळले, तर ते कुठून येते ते शोधून थांबवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. काम थांबले की रक्तातले शिसे महिन्याभरात बरेच उतरते, पण हाडांत वर्षानुवर्षे राहते. म्हणून एकाच रिपोर्टवर विसंबू नये. जुने-नवे ताडून पाहावेत.

शिशाची धूळ कपड्यांवरून घरी येते आणि मुलांच्या मेंदूला जास्त बाधते. तेव्हा अंघोळ करून, कपडे बदलूनच घरी यावे. ते कपडे मुलांच्या कपड्यांत धुऊ नयेत. जेवणाआधी हात साबणाने धुवावेत.

रिपोर्ट मागणे म्हणजे भांडण नव्हे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 साली कारखाना कायद्यात कलम 41-सी आले. धोकादायक कामातील कामगारांच्या आरोग्याची नोंद मालकाने ठेवावी आणि ती कामगारालाही पाहता यावी, असे त्यात म्हटले. ईएसआयच्या यादीतही शिशाची बाधा हा व्यवसायजन्य आजार आहे. एकट्याला भीती वाटत असेल, तर चौघांनी मिळून लेखी अर्ज द्यावा.

मुलाच्या दुखण्याचे कारण शिसेच, असे आम्ही म्हणणार नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचे. पण त्याचेही रक्त तपासा, एवढे आम्ही सांगितले. परवा अम्मींचा निरोप आला: रक्त दिले आहे, आणि अब्बांनी तिघा साथीदारांसह अर्जावर सही केली आहे.