ड्रोनवाल्याचे नाव आहे, गीतकाराचे नाही



आपल्या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत खान्देशी गाण्यांचा डंका पिटणारा लेख आला. व्ह्यूजचे कोटी-कोटींचे आकडे वाचून जळगाव-धुळ्यातल्या अनेकांची छाती फुगली असेल. शेवटी कलाकारांना सल्लाही होता: मोबाइलशी मैत्री करा, नेमाने रील टाका, ट्रेंड ओळखा. पानभर मजकुरात एक प्रश्न मात्र कुठेच नव्हता. या कोटींमधून गाणे लिहिणाऱ्याच्या, चाल बांधणाऱ्याच्या आणि गाणाऱ्याच्या हातात किती पडले?

खान्देशच्या कलावंताला रीलचा सल्ला देणे म्हणजे रावेरच्या शेतकऱ्याला केळी दाखवण्यासारखे आहे. अण्णा सुरवाडे यांचे ‘केसावर फुगे’ अहिराणीचा गंध नसलेल्या पुण्या-मुंबईच्या हळदींत वाजले, ते लोकांनी मोबाइलवरून एकमेकांना पाठवूनच. धानवडच्या संजू राठोडचे ‘गुलाबी साडी’ 2024 साली देशाबाहेर पोहोचले. मोबाइल इथल्या मंडळींना कधीच कळला. कराराच्या कागदाचे काय?

पाच-दहा अहिराणी गाण्यांच्या व्हिडिओखालचा तपशील उघडून पाहावा. नायक, नायिका, कॅमेरा, एडिटिंग, मेकअप, पोस्टर, गाडी कुणाची, शेत कुणाचे, सगळे असते. ड्रोन उडवणाऱ्याचे नाव असते, पुढे त्याचा मोबाइल नंबरसुद्धा. गीतकाराच्या जागी पुष्कळदा काहीच नसते, नाहीतर ‘पारंपरिक’ असे ठोकून मोकळे होतात. परवापरवा वहीत उतरलेले गाणे एका रात्रीत पारंपरिक कसे होते?

होते ते असे. बाजारपेठेतल्या एखाद्या गाळ्यावरची खोली, भिंतींना जाड पडदे, एक कीबोर्ड, एक लॅपटॉप. गीतकार वही उघडून गाणे म्हणून दाखवतो, तिथल्या तिथे चाल बसते, संध्याकाळपर्यंत आवाज भरून होतो. खिशात काही नोटा सरकवल्या जातात. कागदाचा विषय निघालाच तर ठरलेले उत्तर येते: ‘आपलाच भाऊ शे, कागद कसाले?’ पुढे गाणे चालले की चॅनेल भावाचे, जाहिरातीचे पैसे भावाचे आणि लग्नसराईच्या सुपाऱ्याही भावाच्याच.

यात गंमत अशी की कायदा गीतकाराच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे सही केलेल्या लेखी कागदाशिवाय हक्क दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत. म्हणजे नोटा देऊन ‘गाणे विकत घेतले’ असे सांगत फिरणाऱ्याने प्रत्यक्षात हक्क घेतलेलेच नसतात. कागद केला पण त्यात मुदत घातली नाही, तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. शिवाय 2012 च्या दुरुस्तीने, जिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले, गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा त्यांच्याकडून लिहून घेण्याचीही सोय उरलेली नाही. त्यांनी स्वखुशीने सोडतो म्हटले तरी तो सुटत नाही. गायक-वादकांनाही व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा आणि आपले नाव लागण्याचा हक्क याच कायद्याने दिला. ढोलकीवाल्याचे नाव छापणे ही मेहेरबानी नव्हे.

मुंबईतली आयपीआरएस ही संस्था गीतकार-संगीतकारांच्या वतीने यूट्यूब, स्पॉटिफाय, रेडिओ, हॉटेले यांच्याकडून पैसे गोळा करते. 2023-24 मध्ये ही वसुली सातशे कोटींच्या घरात गेली. सातशे कोटी! वाटप होते ते सदस्यांना, त्यांनी नोंदवलेल्या गाण्यांवर. शिरपूर, पारोळा, साक्रीतला जो गीतकार सदस्यच नाही, त्याचे गाणे कितीही वाजो, त्या वाटपात तो नसतोच. गायकांसाठी वेगळी संस्था आहे, तिथेही हाच न्याय. लेखात या संस्थांबद्दल अवाक्षर नाही, रीलसाठी कोणता फिल्टर लावावा हे मात्र आहे.

संजू राठोडचे कौतुक करताना लेखाने त्याचे कपडे, गाडी, टाइम्स स्क्वेअरवरचा फलक सगळे सांगितले. त्याच्या यशातला सर्वांत कोरडा भाग वगळला: शब्द त्याचे, चाल त्याची, आवाज त्याचा, संगीत सख्ख्या भावाचे. प्रत्येक रकान्यात घरचेच नाव असल्यावर पैसा बाहेर जायला वाट कुठे राहते? ज्याला हे सगळे एकट्याला जमत नाही, त्याने निदान रेकॉर्डिंगच्या आधी अर्ध्या पानावर कुणाचा किती टक्के वाटा, कुणाचे नाव कुठे आणि किती वर्षांसाठी एवढे लिहून सह्या घ्याव्यात. नाते तुटेल या भीतीने कागद टाळणाऱ्यांची नाती गाणे हिट झाल्यावर कशी तुटतात, हे जळगावच्या कोणत्याही स्टुडिओत विचारावे.

रीलचेही तसेच. कुणीतरी गाण्याचा तुकडा उचलून स्वतःच्या व्हिडिओखाली टाकतो आणि इन्स्टाग्रामवर तो ‘ओरिजिनल ऑडिओ’ म्हणून त्याच्या नावाने दिसू लागतो. हजारो लोक त्यावर नाचतात, मूळ गायकाचा पत्ता नाही. गाणे आधी संगीत मंचांवर गाणी पोहोचवणाऱ्या डिजिटल वितरकामार्फत रीतसर चढवले असते, तर तोच तुकडा गायकाच्या नावासह तिथे सापडला असता. काम थोड्या पैशांचे आणि एका दुपारचे आहे. ते रेकॉर्डिंगच्या दिवशीच उरकावे, गाणे गाजल्यावर नव्हे.

अर्थात वितरकाकडे दिले म्हणजे पैशांचा पाऊस पडेल, असेही कुणी समजू नये. 2024 पासून स्पॉटिफायने नियमच केला आहे की मागच्या बारा महिन्यांत एक हजार वेळा वाजले नाही, तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचा पैसा नाही. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नासाठी एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले जाणे ही नेहमीची अट. नव्या कलाकाराला ती जड जाते, म्हणून तो दुसऱ्याच्या चालत्या चॅनेलवर गाणे देऊन टाकतो. द्यावे, पण लेखी द्यावे.

खऱ्या पारंपरिक गाण्यांची तऱ्हा तर उलटी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर म्हटली जाणारी, कानबाई देवीच्या रोटांना म्हटली जाणारी गाणी कुणा एकाची नाहीत, आणि अशा सार्वजनिक गाण्यांवर कंटेंट आयडी या गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेतून मालकीचा दावा चालत नाही, हा यूट्यूबचाच नियम. तरीही दावे लागतात. आजीच्या आवाजातल्या ओव्या नातीने चढवल्या की भलताच कुणी मालक उगवतो. घाबरून व्हिडिओ काढून टाकू नये, हरकत नोंदवावी. दावेदाराने तीस दिवसांत उत्तर दिले नाही तर दावा आपोआप उठतो. बहिणाबाईंच्या शब्दांचेही तेच. त्या 1951 मध्ये गेल्या, गाणी 1952 मध्ये पुस्तकात आली, कायद्याची साठ वर्षे केव्हाच सरली. त्या शब्दांना स्वतःची चाल लावायला आसोद्याच्या पोराला कुणाची परवानगी लागत नाही, आणि लावलेली चाल त्याची स्वतःची.

हे सगळे त्या पोराला सांगायचे कुणी? बहिणाबाईंचेच नाव लावणाऱ्या विद्यापीठाने महिन्यातून एक दिवस कलाकारांची करारपत्रे तपासून द्यायला कायद्याची आणि संगीताची जाणकार माणसे बसवली तर काय बिघडेल? जळगाव आकाशवाणीवर कार्यक्रमाआधी करारपत्र यायचे, गीतकार-संगीतकाराचे नाव निवेदक मोठ्याने घ्यायचा. तंत्र मागासलेले होते म्हणतात. व्यवहार तरी चोख होता. आपल्या वृत्तपत्रानेही यापुढे व्ह्यूजचा आकडा छापताना गीतकाराचे नाव त्याच ओळीत छापावे.

जाता जाता आणखी एक. लग्नसराई तोंडावर आली की मंगल कार्यालयांत ‘गाणी वाजवायचे लायसन्स आणा’ म्हणून वधूपित्याला आणि बँडवाल्याला अडवले जाते. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांना स्पष्ट सवलत आहे. केंद्र सरकारच्या उद्योग विभागाने 24 जुलै 2023 रोजी तशी जाहीर सूचनाही काढली. तरी बँडवाला भीतीने पैसे मोजतो आणि तो भुर्दंड कॉर्नेट वाजवणाऱ्यांच्या रोजातून कापतो. ती सूचना मराठीत छापून जळगाव आणि धुळ्याच्या प्रत्येक मंगल कार्यालयाच्या दारावर लावायला दोन्ही महापालिकांना कितीसा खर्च येईल?

— एक वाचक, अमळनेर