झाशीच्या नावाची पलटण आणि छायाचित्रांतील कोवळे चेहरे

झाशी : खाकी गणवेश, डोक्यावर तिरपी टोपी, खांद्यावर रायफल आणि शाळकरी वयाचे चेहरे. दुसऱ्या महायुद्धातील आझाद हिंद सेनेच्या झाशी राणी पलटणीची अशी छायाचित्रे अभिलेखागारांतून आणि संग्रहालयांतून पुन्हा लोकांसमोर आली आहेत. दिल्लीच्या लाल किल्ल्यात २३ जानेवारी २०१९ रोजी सुरू झालेल्या नेताजी सुभाषचंद्र बोस संग्रहालयाने या इतिहासाला हक्काचे दालन मिळवून दिले. मात्र यांतील अनेक चेहऱ्यांना आजही नाव नाही. ते ओळखू शकणारी पिढी जवळजवळ संपली आहे.

पलटणीचे नाव झाशीचे असले तरी तिच्यातील बहुतेक मुलींनी झाशी कधी पाहिली नव्हती. जुलै १९४३ मध्ये सिंगापूर येथे नेताजींनी महिलांच्या तुकडीची कल्पना मांडली आणि डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन यांच्याकडे तिचे नेतृत्व सोपवले. २२ ऑक्टोबर १९४३ रोजी प्रशिक्षण छावणीचे उद्घाटन झाले. मलायातील रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या मुली, सुखवस्तू घरांतील विद्यार्थिनी आणि ब्रह्मदेशातील भारतीय कुटुंबांतील मुली तेथे एका रांगेत उभ्या राहिल्या.

त्यांपैकी अनेकींचे वय आजच्या निकषांनुसार अल्पवयीन ठरते. पुढे मलेशियात शिक्षणतज्ज्ञ म्हणून नावाजलेल्या रासम्मा भूपालन यांचा जन्म १९२७ चा. दाखल होताना त्या सोळा वर्षांच्या होत्या. जपानमध्ये वाढलेल्या भारती ऊर्फ आशा सहाय सतरा वर्षांच्या असताना पलटणीत आल्या. पलटणीतील अधिकारी जानकी थेवर यांनी नुकतीच अठरा ओलांडली होती. दाखल होण्यासाठी वडिलांची किंवा पतीची संमती आवश्यक असे. याचा अर्थ, मुलगी सैन्यात जाण्याचा निर्णय केवळ तिचा नव्हता. संपूर्ण घराचा होता. म्हणूनच या पलटणीचा इतिहास कौटुंबिक आठवणींशिवाय पूर्ण होत नाही.

कागद जळाले, आठवणी उरल्या

१९४५ च्या माघारीच्या काळात आझाद हिंद सेनेची बरीच कागदपत्रे नष्ट झाली. परिणामी पलटणीची नेमकी संख्यादेखील वादाचा विषय आहे; पाचशेपासून हजारापर्यंतचे अंदाज मांडले जातात. इतिहाससंशोधक व्हेरा हिल्डब्रँड यांनी हयात असलेल्या सैनिक महिलांच्या मुलाखती घेऊन २०१६ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. या पलटणीने आघाडीवर प्रत्यक्ष लढाई केल्याचा पुरावा मिळत नाही, असे त्यातून दिसते. मेम्यो येथील रुग्णालयात जखमी जवानांची शुश्रूषा करणे आणि पुढे रंगूनहून अत्यंत धोकादायक परिस्थितीत माघार घेणे, हा त्यांच्या युद्धानुभवाचा मुख्य भाग होता.

येथेच छायाचित्र आणि आठवण यांच्यात अंतर पडते. संगीन रोखून उभ्या असलेल्या मुलींची छायाचित्रे त्या काळी प्रचारासाठीही उपयोगी होती. कॅमेऱ्याने संचलन टिपले. रुग्णालयातील रात्रपाळी आणि माघारीच्या वाटेवरील भीती त्यात फारशी उतरली नाही. ती पोकळी आशा सहाय यांनी जपानी भाषेत लिहिलेल्या रोजनिशीसारख्या साधनांतून काही प्रमाणात भरून निघते. घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या शौर्यकथा मात्र छायाचित्राच्या बाजूने झुकतात, आणि काळ जातो तशा त्या अधिक ठळक होतात.

छायाचित्राच्या मोहापासून सावध राहण्याचा धडा झाशीच्या इतिहासातही आहे. २००९ मध्ये भोपाळच्या एका प्रदर्शनात राणी लक्ष्मीबाईंचे म्हणून एक छायाचित्र मांडण्यात आले होते. त्याच्या अस्सलपणाबाबत एकमत झालेले नाही. याउलट १८५८ च्या वेढ्याचे चित्र मराठी वाचकांपुढे उभे राहते ते वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मुळे, म्हणजे एका प्रत्यक्षदर्शीच्या आठवणींमुळे. आठवणही तपासून घ्यावी लागते. पण तिच्यावाचून छायाचित्र मुकेच राहते.

दोन्हींची सांगड घालता येते, हे ब्रिटनमधील एका प्रकरणाने दाखवले. पहिल्या महायुद्धात बाराव्या वर्षी भरती झालेल्या सिडनी लुईस या मुलाची हकीकत कुटुंबाकडील कागदपत्रांच्या आधारे लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमने २०१३ मध्ये प्रमाणित केली.

गौरव आणि प्रश्न

झाशीतील पुतळ्यांत राणीच्या पाठीशी बांधलेला दामोदरराव दिसतो. युद्धाच्या मध्यभागी सापडलेले ते एक मूलच होते. राणीच्या मृत्यूनंतर त्याच्या वाट्याला रानावनातील वणवण आणि पुढे इंदूर येथे तुटपुंज्या निवृत्तिवेतनावरचे आयुष्य आले. या शिल्पाकडे शौर्याचे प्रतीक म्हणून पाहणारी नजर त्या मुलाच्या बालपणापर्यंत क्वचितच पोहोचते. झाशी राणी पलटणीबाबतही तेच घडते.

आजचा दृष्टिकोन वेगळा आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तींना प्रत्यक्ष लढाईत सहभागी होऊ न देण्यासंबंधीचा संयुक्त राष्ट्रांचा पूरक करार २००० मध्ये झाला आणि भारताने २००५ मध्ये त्यास मान्यता दिली. या कसोटीवर १९४३ च्या मुलींना केवळ बळी ठरवणे अन्यायाचे होईल, कारण त्यांच्यापैकी अनेकींनी उतारवयातही आपल्या निर्णयाचा अभिमान बाळगला. परंतु त्यांना केवळ वीरांगना म्हणून मखरात बसवल्यास सोळाव्या वर्षी घर सोडलेल्या मुलीचे भय, आजार आणि तुटलेले शिक्षण नजरेआड होते.

झाशीच्या रेल्वे स्थानकाला २०२१ मध्ये वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव देण्यात आले. नावे जपण्याची ही तत्परता राणीच्या नावाने उभ्या राहिलेल्या पलटणीतील अनामिक मुलींपर्यंतही पोहोचायला हवी. भारत, मलेशिया, सिंगापूर आणि म्यानमारमधील कुटुंबांकडे असलेले अल्बम, पत्रे व ध्वनिमुद्रित आठवणी एकत्र आणून त्यांची छाननी केल्यास अनेक चेहऱ्यांना नाव आणि वय मिळू शकेल. हे काम पुढच्या पिढीवर सोडता येण्याजोगे नाही. तोवर छायाचित्रे उरतील, पण ‘ही माझी आजी’ असे सांगणारे कोणी उरणार नाही.