काल एकांत, आज वस्ती

गावे आपोआप जन्मत नाहीत. त्यांच्यामागे कारणांची साखळी असते. प्रतीत्यसमुत्पादाची ही दृष्टी घेऊन आज आम्ही फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील आर्काशों या लहानशा नगराकडे वळतो.

बोर्दो शहराच्या नैर्ऋत्येस अटलांटिक महासागराचे पाणी एका अरुंद मुखातून आत शिरते आणि त्रिकोणी उपसागर तयार होतो. लेर नदी त्यालाच येऊन मिळते. भरतीला येथे विस्तीर्ण जलाशय दिसतो. ओहोटीला बराचसा भाग चिखल आणि वाळूचा होतो. कालवांची शेती याच उथळ पाण्यावर उभी आहे. मुखापाशी पिलाची वाळूची टेकडी आहे. शंभर मीटरांच्या आसपास उंची असलेली ही युरोपातील सर्वांत उंच वाळूची टेकडी वाऱ्यासोबत आजही जमिनीच्या दिशेने सरकते आहे.

सरकत्या वाळूचे भय येथे जुनेच. सोळाव्या शतकात थॉमस इलिरिकस या संन्याशाने किनाऱ्यावर प्रार्थनामंदिर उभारले. पुढे वाळूने ते गिळले आणि अठराव्या शतकात दुसरीकडे नवे बांधावे लागले. त्या शतकाच्या अखेरीस ब्रेमोंतिए या अभियंत्याच्या देखरेखीखाली पाइन वृक्ष लावून वाळू स्थिर करण्याचे मोठे काम सुरू झाले. 1823 मध्ये समुद्रस्नानासाठी येणाऱ्यांकरिता पहिले हॉटेल उभे राहिले. 1841 मध्ये बोर्दोहून रेल्वे शेजारच्या ला तेस्तपर्यंत आली. 1857 मध्ये ती आर्काशोंला पोहोचली आणि त्याच वर्षी 2 मे रोजी सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या आदेशाने आर्काशों ला तेस्तपासून वेगळे झाले.

पुढे रेल्वे कंपनीच्या पेरेर बंधूंनी टेकडीवर ‘हिवाळी नगर’ वसवले. पाइनच्या हवेने क्षयरोग बरा होतो, असा तेव्हा समज होता. वारा अडावा म्हणून रस्ते मुद्दाम वळणावळणांचे ठेवले गेले. रुग्ण आले, श्रीमंत आले, नक्षीदार बंगले उभे राहिले.

या नगराचे बोधवाक्य लॅटिनमध्ये आहे. त्याचा अर्थ असा : काल एकांत, आज वस्ती, उद्या नगर. वाक्य डौलदार आहे. परंतु त्यातील पहिल्या दोन शब्दांपाशी आम्ही थबकतो. तेथे खरोखर एकांत होता काय? उपसागरात कोळी मासेमारी करीत होते, अरण्यात पाइनचा चीक गोळा करणारे राबत होते. आतल्या लांद प्रदेशातील दलदलीच्या माळांवर उंच काठ्यांच्या पायांवर चालणारे मेंढपाळ कळप राखीत होते. त्याच 1857 च्या जून महिन्यात कायदा झाला : गावांनी आपल्या सामायिक जमिनींतील पाण्याचा निचरा करून तेथे झाडे लावावीत. खर्च झेपेना, तेव्हा अनेक गावांनी त्या जमिनी विकल्या. माळाचे अरण्य झाले, अरण्य खाजगी झाले आणि मेंढपाळाचे चराऊ रान गेले. कुणाच्या हाती बंदूक नव्हती. कायदा, नकाशा आणि ‘पडीक’ हा एक शब्द पुरेसा ठरला.

मात्र ला तेस्तलाच याची दुसरी बाजूही दिसते. तेथील एका जुन्या अरण्यात स्थानिक रहिवाशांना लाकूड घेण्याचा हक्क मध्ययुगीन करारांनी मिळालेला आहे. जमिनीची मालकी इतरांची असूनही हा हक्क शतकानुशतके टिकला, कारण तो लेखी होता आणि लोक त्यासाठी न्यायालयात झगडत राहिले. 2022 च्या वणव्यात त्या अरण्याचा मोठा भाग जळाला.

आपल्या वाचकांना हे परके वाटणार नाही. 1959 आणि 1964 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तेव्हा पडीक जमीन कसणाऱ्याला मिळावी ही प्रमुख मागणी होती. मराठवाड्यातील गायरानावर पिढ्यान्‌पिढ्या राबणारी कुटुंबे आजही सातबाऱ्यावर नाव लागण्याची वाट पाहत आहेत. सरकारदप्तरी ज्याला ‘रिकामी जमीन’ म्हणतात, तेथे बहुधा कुणाची तरी चूल पेटलेली असते.

आपल्यापैकी अनेकांचे आजी-आजोबा अशाच जमिनीवर राबले. ती कोणत्या गटात होती, कोणी कसली, कोणत्या कागदावर त्यांचे नाव आहे किंवा नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून या सुट्टीत लिहून ठेवावे, एवढीच आमची विनंती. जय भीम.