अरबी सिनेमा दाखवा, पण मराठीत

शाहूपुरीतली काही तरुण मुले अरब सिनेमा आणि संस्कृतीचा दोन दिवसांचा महोत्सव भरवायच्या खटपटीत आहेत. त्यातले दोघे-तिघे माझे जुने विद्यार्थी. 'मॅडम, उर्दूत सूत्रसंचालन कराल का?' असे विचारून त्यांनी मला कार्यक्रमाचा कागद पाठवला. खजुरांचा स्टॉल, अत्तर, मंदी, अबायांचे प्रदर्शन, उंटाच्या कटआउटशेजारी फोटो आणि रात्री 'द मेसेज'. सगळ्यात खाली, 'वेळ उरल्यास', एक अरबी चित्रपट, इंग्रजी सबटायटल्ससह.

मी या महोत्सवाच्या बाजूची आहे. म्हणूनच या कागदाच्या विरोधात लिहिते आहे.

वर्गणी मागायला गेले की पहिला अडथळा येणार तो 'सिनेमा हराम आहे' म्हणणाऱ्यांचा. सौदी अरेबियात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून थिएटरे बंद होती, तेव्हा आपल्याकडे दाखला दिला जायचा : बघा, हरमैनच्या मुलुखात सिनेमा चालत नाही. एप्रिल २०१८ मध्ये रियाधमध्ये थिएटर उघडले आणि पडद्यावर आला 'ब्लॅक पँथर'. २०२१ पासून जेद्दात, म्हणजे मक्केहून मोटारीने तासाभराच्या अंतरावर, आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. दाखला देणारे आता गप्प आहेत. तिथे उघडले म्हणून इथे जायज झाले, असे मी म्हणत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. तिथल्या राजाने कुलूप लावले की हराम आणि कुलूप काढले की हलाल, हा दीन आहे की दरबारीपणा?

दुसरी मंडळी मला जास्त छळतात, कारण ती आपलीच, शिकलेली, हौशी आहेत. त्यांनी 'रमजान'चे 'रमादान' केले, 'खुदा हाफिज'चे 'अल्लाह हाफिज' केले. करवीर, कागल, पन्हाळ्याच्या गावांत लुगडे नेसून भांगलणीला जाणाऱ्या आपल्या आज्यांचे फोटो ते कुणाला दाखवत नाहीत. त्यांच्या लेखी अरब असणे म्हणजे जास्त मुसलमान असणे. इजिप्तमध्ये आणि आखातात एखाद्याला ठणकावताना 'मला हिंदी समजलास काय?' म्हणतात. अर्थ : मला मूर्ख समजलास काय? आखातात राबून आलेल्या कुणालाही विचारा. आपण ज्यांची नक्कल करतो, त्यांच्या बोलीत आपली ही किंमत.

आणि अरब म्हणजे मुसलमान, हे तरी कुणी सांगितले? इजिप्तचा सगळ्यात मोठा दिग्दर्शक युसूफ शाहीन अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्ती कुटुंबातला. पॅलेस्टाइनचे दुःख हसवत हसवत मांडणारा एलिया सुलेमान नाझरेथच्या ख्रिस्ती कुटुंबातला. लेबनॉनची नादिन लबाकीही ख्रिस्तीच. 'अरब म्हणजे मुसलमान आणि मुसलमान म्हणजे अरब' हा आपला आणि आपल्याला पाण्यात पाहणाऱ्यांचा समाईक गैरसमज आहे. सॅन फ्रान्सिस्कोत १९९० च्या दशकापासून अरब चित्रपट महोत्सव भरतो, तो हाच गैरसमज मोडायला. हॉलीवूडने अरबाला कायम अतिरेकी नाहीतर अय्याश शेख केले. जॅक शाहीन या अभ्यासकाने ९०० हून जास्त चित्रपट तपासून २००१ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिले. तिथल्या अरबांना सांगायचे होते की आम्ही उंट आणि तंबू नव्हे. आणि आपण काय करतो आहोत? उंटाचा कटआउट स्वतःच्या हाताने उभा करतो आहोत.

त्या कागदावर 'वेळ उरल्यास'च्या जागी काय असावे, ते सांगते.

शाहीनचा 'अल-अर्द'. १९६९ चा चित्रपट, काळ १९३० च्या दशकाचा, नाईलकाठचे कापूस पिकवणारे खेडे. वरून हुकूम येतो की शेताला पाणी दहा दिवसांऐवजी पाचच दिवस मिळेल. गावकरी सरकारकडे अर्ज करतात आणि तो अर्जच त्यांच्यावर उलटवला जातो. जमीनदाराच्या वाड्यापर्यंत रस्ता हवा म्हणून उभ्या पिकातून जमीन जाते. शेवटी म्हातारा अबू सुवैलम घोड्यामागे फरफटत जातो, आणि त्याची बोटे काळ्या मातीत रुतलेली असतात. पाण्याच्या पाळीवरून भाऊबंदकी पाहिलेल्या ऊस उत्पादकाला हे समजावून सांगावे लागेल? याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला, त्यातही शेतकऱ्याची जमीन जाते. ('अर्द' म्हणजे जमीन. उर्दूत आपण तोच शब्द 'अर्ज' असा उच्चारतो. मराठीतला सरकारी अर्जही अरबीच, पण मूळ वेगळे. वर्गात हा घोळ दरवर्षी होतो.)

हैफा अल-मन्सूरचा 'वज्दा', २०१२. संपूर्णपणे सौदी अरेबियात चित्रित झालेला पहिला कथापट आणि तोही बाईने केलेला. रस्त्यावर पुरुषांबरोबर उघड काम करता येईना, म्हणून ती व्हॅनमध्ये बसून वॉकीटॉकीवरून सूचना द्यायची. दहा वर्षांच्या मुलीला सायकल हवी आहे. पैशांसाठी ती शाळेतल्या कुराणपठणाच्या स्पर्धेत उतरते, मन लावून पाठ करते, जिंकते. बक्षिसाचे काय करणार, असे विचारल्यावर ती खरे सांगते : सायकल घेणार. मुख्याध्यापिका ती रक्कम परस्पर पॅलेस्टाइनच्या मदतीला देऊन टाकतात. शिक्षिका म्हणून हा प्रसंग मला बोचतो. पॅलेस्टाइनचे दुःख खरे आहे, मदत द्यायलाच हवी. पण मोठ्या दुःखाचे नाव पुढे करून घरातल्या पोरीची छोटी मागणी दाबायची, ही युक्ती आपल्या मोहल्ल्यात कुणाला नवीन आहे?

शाहीनचाच 'अल-मसीर', १९९७. इब्न रुश्दची गोष्ट. हिंदी सिनेमासारखी गाणी आहेत, नाच आहे आणि पुस्तकांची होळी आहे. सुरुवातीला फ्रान्समध्ये एका माणसाला जिवंत जाळतात. त्याचा गुन्हा काय? इब्न रुश्दच्या पुस्तकांचा अनुवाद.

या तिघांच्या जोडीला ब्लेसीचा मल्याळी 'आडुजीवितम' (२०२४) हवाच. नोकरीच्या आशेने सौदीला गेलेला एक भारतीय मुसलमान वाळवंटात शेळ्यांमागे गुलाम होतो. हा अरबी चित्रपट नाही, पण अरब संस्कृतीचा उत्सव करायचा आणि कफीलाने पासपोर्ट काढून घेतलेल्या आपल्या माणसाला दाराबाहेर ठेवायचे, तर त्या उत्सवाला जाहिरात म्हणावे लागेल.

आता भाषेचे. इंग्रजी सबटायटल्स शाहूपुरीत किती जण वाचतील? तितक्या वेगाने माझ्या वर्गातल्या मुलांचे पालक वाचू शकत नाहीत. पेठेतला, वाडीतला शेजारीही वाचू शकत नाही. मग दिसतील ते फक्त कपडे, दाढ्या आणि वाळू. उर्दू माझी रोजीरोटी आहे, तिच्यावर माझे प्रेम आहे. तरीही म्हणते, पडद्याखालची ओळ मराठीच हवी. मराठीला अरबी परकी नाही. वकील, तारीख, हिशेब, तालुका, जिल्हा हे शब्द तिकडचेच. पोवाडा गाणारा शाहीरसुद्धा मुळात अरबी 'शाइर'. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग १९०६ चे. ते उभे करणाऱ्या शाहू महाराजांनी कुराण मराठीत यावे म्हणून पैसा खर्च केला. कुराण मराठीत यावे असे त्या राजाला वाटले आणि आपल्याला साधा सिनेमा मराठीत आणायचा कंटाळा?

'मॅडम, दिवस बरे नाहीत,' असे त्यातल्या एकाने मला सांगितले. मला ठाऊक आहे. जून २०२३ मध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून याच शहरात दगडफेक झाली. जुलै २०२४ मध्ये विशाळगडाच्या वाटेवरच्या गजापुरात घरे फोडली, मशिदीची नासधूस केली. पण भीतीने महोत्सव रद्द करणे आणि अबाया, उंट, उर्दू सूत्रसंचालन यांच्या कुंपणात तो आपल्यापुरता उरकणे, यात मला फारसा फरक दिसत नाही. दोन्हींत शेजारी बाहेरच राहतो. बाबूराव पेंटरांच्या नावाची फिल्म सोसायटी या शहरात आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवते, जगभरचे सिनेमे आणते. त्या प्रेक्षकांत आपली माणसे किती असतात, हेही कधी मोजा. त्यांच्याकडे जा, शाहू स्मारक भवनाचे भाडे विचारा, चित्रपटाच्या हक्कधारकांकडून रीतसर परवानगी घ्या.

संवादांचे काम मी आणि माझ्या दोन सहकारी शिक्षिका करू, इंग्रजीवरून मराठीत. ते अरबीशी ताडून बघायला मदरशात शिकलेल्या आलिमांना बोलवा, सिनेमाला विरोध करणाऱ्यांनाही. इजिप्तची बोली किताबी अरबीपेक्षा बरीच वेगळी, ते अडखळतील. अडखळू देत. 'अल-अर्द'ची पहिली वीस मिनिटे करून पाठवते. पाण्याच्या पाळीचे नेमके शब्द मात्र मला शेतकऱ्याकडून हवेत. शिरोळ, कागलकडचा कुणी ओळखीचा असेल तर नंबर द्या.